गुडघा दुखतो म्हणून बसून राहू नका

सकाळी साडेदहाच्या सुमारास भाजीवाल्याची हातगाडी इमारतीखाली येते. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून आजी हाक मारतात, दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडतात आणि भाजीवाला देईल ती भाजी वर ओढून घेतात. दीड वर्षापूर्वीपर्यंत याच आजी पिशवी काखेत मारून स्वतः खाली उतरत. कोथिंबिरीच्या चार जुड्या उलटसुलट करून पाचवी घेत, शेजारणीशी दोन शब्द बोलत आणि दमत-थांबत का होईना, वर येत.

मग गुडघा दुखू लागला. आधी फक्त जिना उतरताना, नंतर मांडी घालून बसल्यावर उठताना, पुढे सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकतानाही. क्ष-किरण तपासणी झाली आणि घरात एक शब्द शिरला : ‘झीज’. तो ऐकताच सगळी माणसे मायेने पुढे सरसावली. सून म्हणाली, “आई, तुम्ही बसा, मी बघते.” मुलगा म्हणाला, “आई, तू खाली उतरू नकोस. काय हवं ते सांग, मी आणतो.” नात पाण्याचा पेलाही हातात आणून देऊ लागली. आजींनाही पटले. झिजलेली वस्तू जपून वापरलेलीच बरी!

दीड वर्षाच्या विश्रांतीनंतर गुडघा सुधारायला हवा होता. प्रत्यक्षात तो पहिल्यापेक्षा जास्त दुखतो. वजन वाढले, मांड्या बारीक झाल्या, चार पावले चालले की धाप लागते. देऊळ सुटले, भजनी मंडळ सुटले. नात्यातल्या लग्नाची पत्रिका आली की पहिला प्रश्न असतो, “कार्यालय कितव्या मजल्यावर आहे?”

अशा एक तरी आजी, काकू किंवा आजोबा आज बहुतेक प्रत्येक इमारतीत आहेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत चाळिशीच्या पुढच्या शंभरांपैकी सुमारे २९ जणांमध्ये गुडघ्याचा हा संधिविकार आढळला होता. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण अधिक असते. या आजारावर काहीच उपाय नाही, हा समज जितका चुकीचा, तितकाच विश्रांती हा त्यावरचा उपाय आहे, हाही समज चुकीचा. घरच्यांनी मायेने दिलेली विश्रांतीच या दुखण्याला खतपाणी घालत असते.

‘झीज’ या शब्दाची भीती

गुडघ्यात मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि समोरची वाटी अशी तीन हाडे एकत्र येतात. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत, लवचीक थर असतो. सांध्याभोवती एक पिशवीसारखे आवरण असते. त्याचे आतले अस्तर वंगणासारखा द्रव तयार करते आणि त्यामुळे हाडे एकमेकांवर सहज सरकतात. वयाबरोबर, वजनामुळे, जुन्या दुखापतीमुळे किंवा अनुवंशिकतेमुळे ही कूर्चा खडबडीत आणि पातळ होऊ लागते. हाडांच्या कडांना लहान लहान टोके येतात, आतल्या अस्तराला अधूनमधून सूज येते. यालाच डॉक्टर ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस’ म्हणतात आणि बोलताना सोपा शब्द म्हणून ‘झीज’ म्हणतात.

शब्द सोपा असला तरी तो मनात चुकीचे चित्र उभे करतो. गाडीचे टायर जितके फिरेल तितके झिजते, तसाच गुडघाही वापरला की झिजणार, असे वाटू लागते. पण टायर निर्जीव आहे, गुडघा जिवंत आहे. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण होते ते सांध्यातल्या द्रवातून. पाय टेकला की ती स्पंजासारखी दाबली जाते, उचलला की सैल होते आणि या दाबण्या-सुटण्यातच पोषक द्रव आत-बाहेर करतो. म्हणजे हालचाल हेच कूर्चेचे जेवण. गुडघा महिनोन्महिने स्थिर ठेवणे म्हणजे त्याला उपाशी ठेवणे.

दुसरी गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. क्ष-किरणातले चित्र आणि प्रत्यक्ष दुखणे यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही. चित्रात बरीच झीज दिसते, पण माणूस बिनतक्रार चालतो-फिरतो, अशी उदाहरणे पुष्कळ असतात. उलट चित्रात फारसे काही नसूनही वेदना असह्य असू शकतात. कारण कूर्चेत वेदना जाणवणारे मज्जातंतू नसतातच. दुखतात ती सांध्याचे अस्तर, आवरण, कूर्चेखालचे हाड आणि ताठरलेले वा दमलेले स्नायू. यातल्या कितीतरी गोष्टी सुधारता येतात. म्हणून क्ष-किरणाचा कागद हातात पडताच ‘आता आपले चालणे संपले’ असा निकाल स्वतःच लावून मोकळे होऊ नये.

दुखण्याचे चक्र

गुडघ्याचा खरा आधार म्हणजे मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू. पाऊल टेकताना बसणारा धक्का तो झेलतो, जिना उतरताना शरीराचा तोल हळूहळू खाली सोडतो. गुडघा दुखला किंवा त्यात पाणी झाले की हाच स्नायू आखडता हात घेतो. माणूस चालणे कमी करतो, स्नायू आणखी दुबळा होतो, झटका थेट सांध्यावर बसतो आणि दुखणे वाढते. दुखणे वाढले म्हणून चालणे आणखी कमी होते. त्यात वजन वाढले की चक्र पुरे होते.

वजनाचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली दाखवून दिले की, शरीराचे वजन एक किलो कमी झाले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. दिवसभरात माणूस हजारो पावले टाकतो. पाच किलो वजन उतरले तर गुडघ्याला किती दिलासा मिळेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

व्यायामाने उरलीसुरली कूर्चाही झिजेल, ही भीती अनेकांना असते. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात साठीच्या पुढच्या, गुडघेदुखी असलेल्या ४३९ जणांना तीन गटांत विभागले होते. एक गट चालण्याचा व्यायाम करी, दुसरा वजने उचलण्याचा, तिसऱ्याला केवळ आरोग्यविषयक माहिती दिली जाई. दीड वर्षानंतर व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांचे दुखणे तिसऱ्या गटापेक्षा कमी होते, चालणे-फिरणेही चांगले होते. क्ष-किरण चित्रांत मात्र तिन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे व्यायामाने झीज वाढल्याचे दिसले नाही.

हातांचा उपचार

आता प्रश्न असा की, ज्याला उठताना ‘आई गं’ म्हणावे लागते त्याने व्यायाम सुरू तरी कसा करावा? इथेच भौतिकोपचार तज्ज्ञाचे, म्हणजे फिजिओथेरपिस्टचे हात उपयोगी पडतात.

हातांचा उपचार म्हणजे तेल लावून केलेली मालीश नव्हे आणि हाडवैद्याने कडकन मोडलेला सांधाही नव्हे. रुग्णाला आडवे झोपवून, गुडघ्याखाली छोटी उशी देऊन तज्ज्ञ नडगीचे हाड दोन्ही हातांत धरतात आणि ते मांडीच्या हाडावर पुढे-मागे हळूवार, तालात सरकवतात. गुडघ्याची वाटी वर-खाली, आजूबाजूला हलवतात. पूर्ण सरळ न होणारा किंवा पूर्ण न वाकणारा गुडघा त्याच्या मर्यादेपर्यंत नेतात, थोडा थांबवतात, परत आणतात. पोटरीचे आणि मांडीमागचे आखडलेले स्नायू ताणतात. जाणकार तज्ज्ञ एवढ्यावर थांबत नाहीत. खुबा, घोटा आणि कंबरही तपासतात, कारण खुबा आखडलेला असेल तर त्याचा बोजा गुडघ्यावर येतो.

या उपचाराने कूर्चा परत वाढत नाही. आखडलेले आवरण सैल होते, वेदनेची तीव्रता काही काळ उतरते आणि माणसाला आपला गुडघा अजून हलतो याची खात्री पटते. ही खात्रीच मोलाची असते.

अमेरिकेत टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो येथे ब्रूक आर्मी मेडिकल सेंटर हे लष्करी रुग्णालय आहे. तेथील अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. गुडघ्याचा संधिविकार असलेल्या ८३ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला आठवड्यातून दोनदा, चार आठवडे हातांचे उपचार आणि व्यायाम दिले. दुसऱ्या गटाच्या गुडघ्यावर अल्ट्रासाउंड यंत्र फिरवले, पण त्याची शक्ती इतकी कमी ठेवली होती की त्याचा उपयोग होऊ नये. आठव्या आठवड्यात पहिल्या गटाचे दुखणे, ताठरपणा आणि रोजच्या कामातली अडचण मोजणारे गुण सुमारे ५६ टक्क्यांनी सुधारले होते. सहा मिनिटांत ते चालू शकतील ते अंतरही त्यांच्या सुरुवातीच्या अंतरापेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी वाढले होते. वर्षभरानंतर दुसऱ्या गटातल्या २० टक्के रुग्णांवर गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, पहिल्या गटातल्या केवळ ५ टक्क्यांवर.

याच तज्ज्ञांनी २००५ साली पुढचा प्रश्न हाताळला. १३४ रुग्णांपैकी निम्म्यांना दवाखान्यात हातांचे उपचार आणि देखरेखीखाली व्यायाम दिले, इतरांना घरी करायचे व्यायाम नीट शिकवून पाठवले. चार आठवड्यांनी पहिल्या गटाची सुधारणा ५२ टक्के होती, घरी व्यायाम करणाऱ्यांची २६ टक्के. मात्र वर्षाअखेरीस दोन्ही गट जवळपास बरोबरीने सुधारलेले होते. फरक इतकाच की, दवाखान्यात उपचार घेतलेल्यांना गोळ्या कमी लागत होत्या आणि ते अधिक समाधानी होते.

यातून घेण्यासारखा धडा स्पष्ट आहे. तज्ज्ञाचे हात सुरुवात सोपी करतात, पहिले अवघड आठवडे पार करून देतात. पुढची वाट मात्र रोजच्या व्यायामानेच चालावी लागते. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शक संस्थेनेही २०२२ साली हाच सल्ला दिला : व्यायाम हा मुख्य उपचार, हातांचा उपचार द्यायचा तर व्यायामाच्या जोडीनेच. म्हणून ‘महिनाभर रोज येऊन फक्त शेक आणि मालीश घ्या’ असे कोणी सांगितले, तर ‘घरी कोणते व्यायाम करायचे?’ हा प्रश्न रुग्णाने जरूर विचारावा.

घरी करण्याजोगे व्यायाम

पुढचे व्यायाम पलंग, खुर्ची आणि भिंत एवढ्या सामग्रीत होतात. एकदा तज्ज्ञाकडून तपासून, शिकून घेतले तर उत्तम. रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असल्यास आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. कोणताही व्यायाम करताना श्वास रोखून धरू नये. मोठ्याने आकडे मोजत राहिले की श्वास आपोआप चालू राहतो.

१. टॉवेल दाबणे : पलंगावर पाय सरळ पसरून बसावे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी. मांडी आवळून गुडघ्याने टॉवेल खाली दाबावा. पाच आकडे मोजावे, सैल सोडावे. दहा वेळा. फार दुखत असेल त्या दिवसांतही हा व्यायाम बहुतेकांना जमतो.

२. टाच सरकवणे : उताणे झोपून टाच पलंगावरून हळूहळू नितंबाकडे ओढावी, जमेल तितका गुडघा वाकवावा, मग पुन्हा सरळ करावा. दहा वेळा. सकाळी उठण्यापूर्वी अंथरुणातच केला तर पहिली पावले सोपी जातात.

३. सरळ पाय उचलणे : उताणे झोपून एक गुडघा वाकवून ठेवावा. दुसरा पाय सरळ ठेवून पलंगापासून वीतभर वर उचलावा, पाच आकडे धरावा, सावकाश खाली आणावा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा.

४. कुशीवर पाय उचलणे : एका कुशीवर झोपून वरचा पाय सरळ, पुढे न झुकवता वर उचलावा. यात खुब्याच्या बाजूचे स्नायू बळकट होतात. चालताना तोल सांभाळण्याचे काम त्यांचे असते. दहा वेळा.

५. खुर्चीवरून उठणे-बसणे : हा सर्वांत उपयोगी व्यायाम. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवर बसावे, पावले जरा मागे घ्यावी, पुढे झुकून उभे राहावे आणि तितक्याच सावकाश खाली बसावे. धपकन बसू नये. सुरुवातीला हातांचा आधार घ्यावा किंवा खुर्चीवर जाड उशी ठेवावी. पाच वेळांपासून सुरुवात करून दहा-बारापर्यंत जावे. जमू लागले की उशी काढावी, मग हातांचा आधार सोडावा.

६. पोटरी ताणणे : भिंतीवर दोन्ही हात टेकून उभे राहावे. एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली. पुढे झुकावे. पोटरीत ताण जाणवेल तिथे अर्धा मिनिट थांबावे. प्रत्येक पायाने दोन-तीनदा.

७. एक पायरी चढ-उतार : कठडा धरून जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक पाय ठेवावा, शरीर वर न्यावे, पुन्हा खाली यावे. हा व्यायाम पहिले पाच व्यवस्थित जमू लागल्यावरच, साधारण तीन-चार आठवड्यांनी सुरू करावा.

दोन-तीनच व्यायामांपासून सुरुवात केली तरी चालते. रोजचे वीस मिनिटे पुरेशी आहेत. जोडीला चालणे हवे. एकदम अर्धा तास जमत नसेल तर पाच-पाच मिनिटे, दिवसातून तीनदा. घरातल्या लांब खोलीतून किंवा व्हरांड्यातून सुरुवात केली तरी हरकत नाही. दर आठवड्याला एक-दोन मिनिटे वाढवावी. परिणामासाठी घाई करू नये. स्नायूंना बळ यायला सहा ते आठ आठवडे लागतात. ‘आठ दिवस केले, काही फरक नाही’ म्हणून सोडून देणारेच जास्त असतात.

किती दुखले तर चालेल?

व्यायाम करताना थोडे दुखणारच. ते दुखणे म्हणजे इजा झाली असे समजू नये. यासाठी एक सोपी कसोटी आहे. व्यायामाने वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वीइतके खाली आले, तर व्यायामाचे प्रमाण योग्य आहे. दुसऱ्या दिवशीही दुखणे चढलेलेच राहिले किंवा गुडघा सुजला, तर व्यायाम बंद न करता प्रमाण निम्मे करावे. दुखणे उतरले की पुन्हा हळूहळू वाढवावे. काही दिवस बरे, काही दिवस वाईट, असे या आजारात चालायचेच. वाईट दिवशी टॉवेल दाबण्याचा एकच व्यायाम करावा, पण खंड पाडू नये.

निरगुडीच्या पाल्याचा किंवा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, हलक्या हाताने तिळाचे तेल चोळणे, हे सारे घरगुती उपाय ताठरपणा सैल करायला चांगले आहेत. व्यायामापूर्वी दहा मिनिटे शेकले तर पाय लवकर मोकळा होतो. मात्र गुडघा लाल, गरम आणि सुजलेला असेल तेव्हा त्यावर शेक वा मालीश नको.

घरातले छोटे बदल

आपल्याकडे पाटावर जेवणे, विळीवर चिरणे, मांडी घालून पूजेला बसणे आणि उकिडवे बसून शौचाला जाणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. दुखरा गुडघा पूर्ण दुमडून त्यावर भार पडला की त्रास वाढतो. दुखणे जोरात असेल त्या काळात विळीऐवजी ओट्याजवळ उभ्याने सुरीने चिरावे, पूजेला उंच चौरंगासमोर खुर्ची घ्यावी, कमोड नसेल तर शौचालयात ठेवायची खुर्ची आणावी. स्वयंपाकघरात तास-दोन तास एकाच जागी उभे राहणेही वाईट. पोळ्या लाटताना मधूनच दोन मिनिटे चालून यावे.

जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी. कठडा धरण्यात कमीपणा मानू नये. काठी वापरायची असेल तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. पुष्कळ लोक नेमके उलटे करतात. पायात मऊ तळव्याची, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा कॅनव्हासचे बूट असावे. गुळगुळीत झालेल्या सपाता घरातही नको.

वजन जास्त असेल तर उपास करून गळून जाण्यापेक्षा रोजच्या ताटात बदल करावा. एक पोळी किंवा भाताची एक मूद कमी, डाळ-उसळ आणि पालेभाजी जास्त, चहातली साखर आणि दुपारचा फरसाण बंद. स्नायू घडायला प्रथिने लागतात. म्हणून डाळी, दही, ताक आणि खात असल्यास अंडी वगळू नयेत.

गोळ्या, इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया

वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, थोड्या दिवसांसाठी घेण्यात गैर नाही. पण औषधाच्या दुकानातून स्वतःच आणून महिनोन्महिने घेतलेल्या गोळ्या पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांना महागात पडू शकतात.

सांध्यात दिले जाणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन लवकर आराम देते, पण तो आराम किती टिकतो? अमेरिकेच्या लष्करी आरोग्यसेवेतील १५६ रुग्णांवरचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना इंजेक्शने, निम्म्यांना व्यायाम व हातांचे उपचार. एक वर्षानंतर, ० ते २४० गुणांच्या त्रास-पट्टीवर इंजेक्शनवाल्यांचे सरासरी गुण सुमारे ५६ होते, तर भौतिकोपचार घेतलेल्यांचे ३७. गुण जितके कमी तितका त्रास कमी.

दुर्बिणीतून गुडघा ‘साफ’ करण्याची शस्त्रक्रियाही एके काळी फार होत असे. २००२ साली ह्यूस्टनच्या तज्ज्ञांनी १८० रुग्णांवर अभ्यास केला. त्यात काहींच्या गुडघ्यावर केवळ वरवर छेद दिले होते, आत काहीच केले नव्हते. त्यांना आणि खरी शस्त्रक्रिया झालेल्यांना मिळालेला आराम सारखाच निघाला. झिजेच्या दुखण्यासाठी नुसते धुऊन काढण्याची ही पद्धत त्यानंतर मागे पडली.

सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया मात्र वेगळी आहे. झीज फार पुढे गेली, पाय वाकडा झाला, रात्रीची झोप उडाली आणि नेटाने केलेल्या व्यायामाचाही उपयोग होईना, तर ती मोठे वरदान ठरते. डेन्मार्कमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा शस्त्रक्रियेस योग्य ठरलेल्या १०० रुग्णांपैकी निम्म्यांवर ती केली आणि मग सर्वांना व्यायाम, आहार व इतर उपचार दिले. शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम जास्त मिळाला, पण गंभीर गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त आढळली. आणि शस्त्रक्रियेविना उपचार घेतलेल्यांपैकी फक्त २६ टक्क्यांनाच त्या वर्षात सांधा बदलून घ्यावा लागला. म्हणजे शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्यांनाही तीन महिने मनापासून व्यायाम करून पाहायला जागा असते. पुढे शस्त्रक्रिया झालीच तर बळकट मांडीचा माणूस लवकर उभा राहतो, हा फायदा वेगळाच.

हे दिसले तर थांबू नये

गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, पडल्यानंतर पायावर भार देता येईना, गुडघा मध्येच अडकून सरळ होईना, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर व्यायाम बाजूला ठेवून ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. हातापायांचे लहान सांधेही सुजत असतील आणि सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकत असेल, तर तो वेगळ्या प्रकारचा संधिवात असू शकतो. झिजेचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासात ओसरतो. खर्चाची काळजी असणाऱ्यांनी सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयातील भौतिकोपचार विभागात चौकशी करावी. तेथे खर्च बेताचा असतो.

घरच्यांचा वाटा

व्यायामाचा कागद आणला जातो, फ्रिजवर चिकटवला जातो आणि आठवड्याभरात त्यावर दूधवाल्याचा हिशेब लिहिला जातो. असे का होते? आळस हे त्याचे एकच कारण नाही. घरातल्या बाईला स्वतःसाठी राखलेली वीस मिनिटे मिळतच नाहीत. ती पाय उचलायला आडवी होते आणि दाराची घंटा वाजते, कुकरची शिट्टी होते, कोणाला तरी डबा हवा असतो. ‘तुम्ही बसा’ म्हणणे सोपे आहे. ‘तुमची ही वीस मिनिटे, दार आम्ही उघडतो’ म्हणणे अवघड, पण गरज त्याचीच आहे.

माया दाखवण्याची रीत थोडी बदलावी. आजींना पाण्याचा पेला आणून देण्याऐवजी नातीने त्यांच्याबरोबर खुर्चीवरून दहा वेळा उठाबसा कराव्यात आणि आकडे मोजावे. मुलाने भाजी आणून देण्याऐवजी संध्याकाळी आईचा हात धरून एक मजला उतरावे आणि चढावे. पुढच्या आठवड्यात दोन मजले. सुनेने सासूबाईंच्या व्यायामाची वेळ घड्याळ लावून पाळावी, आणि चाळिशी ओलांडली असेल तर स्वतःही शेजारी सतरंजी टाकावी. तिचेही गुडघे त्याच वाटेवर आहेत.

मग दोन-तीन महिन्यांनी एखाद्या सकाळी भाजीवाल्याची हाक येईल. खिडकीतली दोरी तशीच गुंडाळलेली राहील. आजी कठडा धरून, दुखरा पाय आधी टाकत, एकेक पायरी मोजत खाली उतरतील. गुडघा थोडा दुखेल, क्ष-किरणातली झीजही तितकीच असेल. पण कोथिंबिरीच्या चार जुड्या बाजूला सारून पाचवी त्या स्वतःच्या हाताने निवडतील.